खुंट जिवंत होते

आमच्या गावच्या झऱ्याखाली दहा लिटरची कळशी धरली की ती किती वेळात भरते, हे मी २०२० पासून दर रविवारी सकाळी मोजते. मोबाईलमधलं घड्याळ लावायचं, काठावरून पाणी सांडलं की थांबवायचं आणि दोनशे पानी वहीत लिहून ठेवायचं: तारीख, मिनिटं, सेकंद, आदल्या आठवड्यात पाऊस होता का. तीस वर्षं मराठी शाळेत हजेरी मांडली, त्यामुळे या कामाचा कंटाळा येत नाही. पण ही वही सुरू कशी झाली ते सांगायचं तर आधी झऱ्याच्या वरच्या माळाबद्दल सांगायला हवं.

आमचं गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. इथून पश्चिमेला कणकुंबी, तिथं माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते. चौथीच्या मुलांना मी नकाशावर बोट फिरवून तिची वाट दाखवायची: कणकुंबी, खानापूर, मग सौंदत्तीजवळचं नविलुतीर्थाचं धरण आणि शेवटी कूडलसंगमाला कृष्णा. हुबळी-धारवाडच्या नळाला येतं ते याच नदीचं पाणी. दक्षिणेला भीमगडचं रान. २०११ मध्ये त्याचं अभयारण्य झालं, आणि तिथल्या बारापेडे गुहांमधली वटवाघळं जगात फार थोड्या ठिकाणी आढळतात. हे सगळं मी वर्षानुवर्षं शिकवलं. त्याच वर्षांत शाळेच्या मागचा माळ उघडा पडत होता. ते मला खिडकीतून दिसत होतं, पण त्या माळाचा आणि नकाशावरच्या निळ्या रेघेचा काही संबंध आहे, असं कधी मनात आलं नाही. ती चूक माझी, आणि ती मला अजून लागते.

माळ म्हणजे साधारण चाळीस एकर गायरान. वरच्या अंगाला जांभ्या दगडाचा सपाट सडा, मध्ये उतार, पायथ्याशी झरा. जांभ्याला भोकं असतात, त्यातून पावसाचं पाणी आत झिरपतं. खाली चिकट पांढरट मातीचा थर लागला की ते अडतं, आडवं सरकत जातं आणि वाट मिळेल तिथं बाहेर पडतं. आमचा झरा तसाच आहे. माळाच्या एका कोपऱ्यात देवीची राई आहे, दोन-अडीच एकरांची. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी उचलत नाही. माझ्या लहानपणी राई कुठं संपते आणि माळ कुठं सुरू होतो हे नीट कळायचं नाही. ऐन, किंजळ, नाणा, जांभूळ, मध्ये मध्ये करवंदाच्या जाळ्या. आई आणि काकी पाटीभर जांभळं, करवंदं, तोरणं घेऊन पहाटेच्या गाडीनं बेळगावला विकायला जायच्या. मग लाकूड भट्ट्यांना गेलं, घरांना गेलं. १९८०च्या दशकात सामाजिक वनीकरणाचे दिवस आले, तेव्हा सगळीकडे लागली तशी इथंही निलगिरी लागली, पुढं अकेशिया. अकेशियाची पानं लवकर कुजत नाहीत. उन्हाळ्यात त्यांचा वीतभर थर साचतो आणि काडी पडली की भडकतो. दर शिमग्याच्या सुमाराला माळ जळायचा. नव्या गवतासाठी कुणी लावायचं, कधी रस्त्यावरून कुणी विडी टाकायचं.

मी २०१८ मध्ये निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी मार्चात झरा आटला. मे महिन्यात आटलेला मी पाहिला होता, मार्चात कधीच नाही. खालच्या वाडीतल्या बायका बोअरवर रांग लावायच्या आणि त्या लालसर, गंजाचा वास येणाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून रडकुंडीला यायच्या. मला एकच उपाय माहीत होता, तो म्हणजे झाडं लावणं. माजी विद्यार्थी गोळा केले, तीनशे खड्डे काढले, रोपवाटिकेत होती ती रोपं आणली: गुलमोहर, सिल्व्हर ओक, थोडा साग. ५ जूनला लावली, फोटो काढले, मुलांना चिरमुरे-फरसाण वाटलं.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला. रोपांनी दोन-तीन आठवडे ऊन खाल्लं. मग ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जो पाऊस कोसळला तो जिल्ह्यात कुणी विसरणार नाही. मलप्रभा, घटप्रभा, कृष्णा सगळ्या एकदम पात्राबाहेर आल्या. आमच्या उतारावर खड्डे काढून मोकळी केलेली माती रोपांसकट खाली शेतात आली. उरलेली रोपं शेळ्यांनी खाल्ली आणि त्यातूनही जी तगली ती २०२० च्या फेब्रुवारीतल्या वणव्यात गेली. मी मोजायला गेले तेव्हा तीनशेतली अकरा उभी होती. मी तिथंच एका दगडावर बसले आणि मला रडू आवरेना.

त्या दिवशी गवळीवाड्यावरचे एक मामा म्हशी घेऊन खाली येत होते. सत्तरी ओलांडलेले, अंगावर घोंगडं, हातात कोयता. काय झालं विचारलं, मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत. जळलेल्या माळावर गुडघाभर उंचीचे काळे खुंट दिसत होते, त्यातल्या एकापाशी जाऊन ते बसले. कोयत्याच्या टोकानं जमिनीलगतची साल बोटभर खरवडली. वरून कोळसा, त्याखाली तपकिरी आणि त्याच्याही खाली ओलं, काकडीच्या सालीसारखं हिरवं. नख लावलं तर नखाला पाणी लागलं.

“बाई, ह्ये मेलंय म्हणून कुणी सांगितलं तुमाला?” मामा म्हणाले. “ऐन हाय ह्यो. मूळ माज्या बापाच्या वयाचं. दर वर्साला फुटतंय, दर वर्साला शेळी खातीया, शिमग्याला जळतंय, परत फुटतंय. त्येला पाच वर्सं कुणी हात लावू नका, मग बघा.”

आम्ही दोघं अंधार पडेपर्यंत फिरलो. त्यांनी खरवडलेल्या प्रत्येक दहा खुंटांत सात-आठ हिरवे निघाले. ऐन, किंजळ, कुंभा, जांभूळ, हिरडा. मी तीनशे रोपं विकत आणून ज्यांच्यामध्ये लावली होती, ते आधीच तिथं होते. मुळं जमिनीत खोल उतरलेली, पाणी कुठं आहे ते त्यांना माहीत. कुणी तरी खाणं आणि जाळणं थांबवायची ते वाट बघत होते. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि ती दुःखानं नव्हे.

मग महिनाभरात टाळेबंदी आली. गोव्याला, पुण्याला कामाला गेलेली पोरं गावात परतली, हातांना काम नव्हतं. एरवी मला एवढे हात कधीच मिळाले नसते.

पण माळ बंद करायचा म्हणजे कुणाचा तरी घास बंद करायचा. हे मला ग्रामसभेत कळलं, तोपर्यंत नीट कळलं नव्हतं. मी उभी राहून सात वर्षं चराई बंद ठेवा म्हणाले. एक बाई उठल्या. नवरा नाही, अठरा शेळ्या, एक मुलगी लग्नाची. म्हणाल्या, “बाई, तुमची पेन्शन महिन्याला बँकेत येतीया. माजी पेन्शन ह्या शेळ्या हायत. त्या काय खातील ते सांगा, मग मी गप बसतो.” सभा शांत झाली. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि नाही हे मी तिथं कबूल केलं.

उत्तर शोधायला तीन बैठका लागल्या. पंचायतीत एक, देवळात एक आणि खरी, कामाची, त्या शेळीवाल्या वहिनींच्या अंगणात. तिथं ठरलं ते असं. चाळीस एकर बंद करायचे नाहीत, झऱ्याच्या थेट वरचे बाराच करायचे. त्या म्हणाल्या दोन वर्षं, मी म्हणाले सात, पाच पावसाळ्यांवर जुळलं. आत जनावर सोडायचं नाही, पण आतलं गवत कापून न्यायला मुभा, आणि गवताचा पहिला वाटा ज्यांना स्वतःची जमीन नाही त्यांचा. पाच पावसाळे झाले की हा तुकडा उघडायचा आणि दुसरा बंद करायचा. उघडायची तारीख ठरावात घालायचा हट्ट वहिनींचाच. मला तो तेव्हा अविश्वास वाटला होता. आता वाटतं, ती तारीख होती म्हणून लोकांनी पाच वर्षं शब्द पाळला.

ठराव आणि अर्ज कन्नडमधून लिहायचे होते. माझी कन्नड बाजारात बोलण्यापुरती. बेळगावला कॉलेजला जाणाऱ्या गावच्याच एका मुलीनं ते लिहून दिले आणि प्रत्येक कागदाखाली मराठीत अर्थ लिहिला, म्हणजे सही करणाऱ्याला आपण कशावर सही करतोय ते कळावं.

तारेचं कुंपण परवडणारं नव्हतंच. शेळ्या कशाला तोंड लावत नाहीत, हे वहिनींना कुणाही वनस्पतीशास्त्रज्ञाइतकं पक्कं ठाऊक होतं. निरगुडी आणि मोगली एरंड. दोन्हीच्या फांद्या तोडून पावसाच्या तोंडावर खुपसल्या की फुटतात. बारा एकरांच्या कडेनं आम्ही तीच वई घातली, आधाराला करवंदाच्या काट्या. पहिल्या वर्षी वई विरळ होती, तेव्हा पोरं आळीपाळीनं राखणीला बसायची.

आतलं काम मामांनी शिकवलं. खुंटाला दहा-पंधरा धुमारे फुटतात, सगळे ठेवले तर झुडूपच राहतं. सरळ, जाड, जमिनीलगत फुटलेले दोन ठेवायचे, बाकीचे धारदार कोयत्यानं एका घावात काढायचे. चिरफळलेला घाव राहिला तर तिथं पाणी मुरून कुजतं. काढलेले धुमारे त्याच बुंध्याशी पसरायचे. दिवसाला एका माणसाचे पन्नास-साठ खुंट व्हायचे. खुंट शोधणं हेच मोठं काम, कारण वर रानमोडी आणि घाणेरी माजलेली.

रानमोडी उपटायची वेळ मी दोनदा चुकले. दिवाळीनंतर माती आवळते, मूळ तुटून आत राहतं आणि डिसेंबरात ती फुलून वाऱ्यावर बी उडवते. भाद्रपदात माती ओली असते, तेव्हा मुठीत धरून ओढली की मुळासकट येते. घाणेरीचं वेगळं. ती वरून कापली तर दुप्पट फुटते. कुदळीचा घाव मातीच्या आत, बुंधा आणि मूळ जिथं जुळतं त्याच्या खाली बसला पाहिजे. मग झुडूप उलटं करून मुळं आभाळाकडे ठेवायची. आणि सगळी घाणेरी एकदम काढायची नाही, हेही आम्ही शिकलो. एका मोठ्या जाळीच्या आत हात घालून बघितलं तर काट्यांच्या आडोशाला जांभळाची चार रोपं, एक कुंभा आणि बोटभर जाडीचा नाणा. शेळीचं तोंड तिथं पोचलं नव्हतं. अशी जाळी आम्ही आतल्या रोपाला उजेड मिळेल एवढीच विरळ करायचो.

जिथं खुंटच नव्हते, तो खालचा चार एकरांचा तुकडा अगदी बोडका होता. तिथं रोपं लागणारच होती आणि बी राईतलंच हवं होतं, इथल्या मातीचं. पण राईतलं पान न्यायचं नाही हा दंडक. जुनी माणसं ऐकेनात. शेवटी गुरवांनी देवीला कौल लावला. ओल्या पाषाणावर दोन्ही बाजूंना फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं: माते, तुझीच लेकरं तुझ्याच अंगणात लावायची आहेत, नेऊ देतेस का. मी श्वास धरून बघत होते. पाचेक मिनिटांनी उजवीकडची पाकळी सुटली. त्यानंतर गावात एकानंही हरकत घेतली नाही. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून देवराई म्हणजे बियांची पेढी हे अभ्यासक सांगत आलेत. आमच्या गावात ती पेढी देवीच्या परवानगीनंच उघडली, आणि तेच योग्य झालं असं मला मनापासून वाटतं.

प्रत्येक बीचा स्वभाव वेगळा. जांभळाचं बी थांबत नाही. खाल्लं की आठ-दहा दिवसांत मातीत गेलं पाहिजे, वाळलं की मेलं. एका बीतून दोन-तीन कोंब येतात, ते बघून पोरांना फार आनंद व्हायचा. हिरड्याचं बी उलट, टणक आणि आळशी. पहिल्या वर्षी दोनशे लावली, नऊ उगवली. मग बोथट टोकाला हलकं घासून, दीड दिवस पाण्यात भिजवून लावायला लागलो, तेव्हा बरी उगवली. बेहडा शेणकाल्यात भिजवला. उंबराचं बारीक बी आमच्याच्यानं काही जमलं नाही. ते काम पक्ष्यांवर सोडलं. बायकांनी दुधाच्या पिशव्या धुऊन, खाली भोकं पाडून रोपं केली. मी ५ जूनला आता रोपं लावत नाही. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती वीतभर ओली झाली की लावते, तारीख कुठलीही असो.

त्या बोडक्या तुकड्यात चर काढले ते रोजगार हमीतून. एकानं जेसीबी सुचवला होता, दोन दिवसांत झालं असतं. पण मग मजुरी गावात आली नसती, आणि यंत्राची चाकं कुठं फिरतील याचा भरवसा नव्हता. चर समपातळीत हवा, नाही तर पाणी एका टोकाला धावतं आणि बांध फोडतं. त्यासाठी दोन सारख्या लांबीच्या बांबूंची टोकं वर बांधून, मध्ये आडवी पट्टी ठोकून घोडी केली. शेंड्यावरून सुतळीला दगड लोंबता सोडला. सुतळी पट्टीवरच्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. पाऊल पाऊल घोडी पुढं टाकत, फक्कीनं खुणा करत बायकांनी अख्ख्या उतारावर रेघा ओढल्या. त्यातल्या काही जणी माझ्याच वर्गात तिसरी-चौथीपर्यंत शिकून सुटलेल्या. मजुरी चार महिने उशिरा आली, त्यासाठी मी ज्या खेपा घातल्या त्या आठवल्या की अजून संताप येतो. हातावर पोट असलेल्या बाईला चार महिने थांबायला सांगणारा माणूस स्वतः चार दिवस थांबेल का?

अकेशियाचा प्रश्न वेगळाच. ती झाडं विरळ करायची परवानगी हवी होती. एका कार्यालयात अर्ज चौदा महिने पडला, मग मिळाली ती फक्त वाळलेल्या झाडांची. मी खूप चिडले होते. पण त्या काळात झाडांखाली फिरताना दिसलं की पानांचा थर झाडून काढलेल्या जागी जांभूळ, अंजनी, पिसा यांची रोपं येतायत. राईतले बुलबुल, धनेश अकेशियावर येऊन बसतात आणि विष्ठेतून बी टाकतात. राई जवळ नसती तर हे झालं नसतं. म्हणून आता आम्ही अकेशियाची नवीन रोपं तेवढी उपटतो, मोठी झाडं तशीच ठेवलीत. सावली धरायला ती चालतात, खालची वर आली की बघू.

२०२१ च्या मार्चात आग आली. आम्ही पौषातच वईच्या आतून दहा फूट रुंद जाळरेषा झाडून काढली होती. दुपारी दोनच्या सुमाराला रस्त्याच्या बाजूनं धूर दिसला. देवळातली घंटा बडवली. हिरवे डहाळे तोडून पोरं, बायका, मामा सगळे धावलो. आगीला समोरून मारायचं नाही, कडेनं दाबत यायचं, हे मामा ओरडून सांगत होते. जाळरेषेवर आग थांबली, एका जागेखेरीज. तिथं अकेशियाची पानं परत पडून साचली होती आणि ती आम्ही पुन्हा झाडली नव्हती. तेवढ्या फटीतून आत घुसून तिनं एकर-सव्वा एकर खाल्लं. रात्री मशेरीसारखी राख तोंडात, डोळे सुजलेले, आणि माझ्या एका विद्यार्थ्याचा हात भाजलेला. तो म्हणाला, “बाई, तीन आठवडे थांबा.” तीन आठवड्यांनी त्या काळ्या खुंटांना तांबूस, मऊ, लहान मुलाच्या कानाच्या पाळीसारखी पालवी फुटली होती. तेव्हापासून जाळरेषा आम्ही दोनदा झाडतो, पौषात एकदा आणि माघाच्या शेवटी एकदा.

त्याच वर्षी पेपरात वाचलं की २०२१ ते २०३० हे दशक संयुक्त राष्ट्रांनी बिघडलेल्या परिसंस्था सावरण्यासाठी म्हणून जाहीर केलंय, आणि भारतानं २०३० पर्यंत २ कोटी ६० लाख हेक्टर जमीन सावरायचा शब्द दिलाय. आमचे बारा एकर म्हणजे पाच हेक्टरही भरत नाहीत. पण मला एवढं कळकळीनं वाटतं की हे आकडे मांडताना किती रोपं लावली हे विचारू नये. तिसऱ्या वर्षी किती जिवंत आहेत आणि त्या जमिनीवर आधी कुणाची जनावरं चरत होती, हे विचारावं. पहिल्या वर्षी माझ्या नावावर तीनशे झाडं लागली होती.

सगळ्यात कठीण गेलं ते २०२३ चं वर्ष. पाऊस गेलाच. राज्यात दुष्काळ जाहीर झाला. एरवी पावसानं जीव नकोसा करणाऱ्या आमच्या पट्ट्यातही भात पोसवलं नाही, वैरण महागली. माळावर कुठं गवत असेल तर बंद केलेल्या बारा एकरांत. लोक म्हणाले, आता उघडा. मला त्यांना नाही म्हणायचा हक्क वाटेना आणि हो म्हणायचा धीर होईना. तोड वहिनींनीच काढली. जनावर आत नाही, पण कापायचे दिवस वाढवायचे, आणि प्रत्येक घरामागे भारे ठरवून द्यायचे. विळे घेऊन माणसं आत गेली, धुमाऱ्यांभोवतीचं गवत हातानं चाचपून कापलं. चुकून कापले गेलेले धुमारे मी मोजले नाहीत. मोजावंसं वाटलं नाही.

आता वही. २०२० मध्ये झरा चैत्रात कोरडा होता. २०२१ मध्ये २ मेला थांबला, २०२२ मध्ये १५ मेला, २०२३ मध्ये २१ मेला. दुष्काळानंतरच्या २०२४ च्या उन्हाळ्यात मात्र २८ एप्रिललाच. २०२५ मध्ये तो थांबला नाही. १८ मेला कळशी भरायला ६ मिनिटं ४० सेकंद लागली, अगदी दोऱ्यासारखी धार, पण धार होती. मी लगेच आनंदानं उड्या मारल्या नाहीत, कारण त्या वर्षी वळवाचा पाऊस भरपूर झाला आणि मोसमी पाऊसही २४ मेलाच केरळात पोचला. एवढ्यानं झरा माळामुळे वाहिला असं म्हणता येणार नाही. अजून पाच-सात वर्षं मोजावं लागेल. उताराखालच्या शेतात मात्र फरक डोळ्यांना दिसतो. पूर्वी पहिल्या मोठ्या पावसाला ओहोळ चहासारखा लाल यायचा आणि भाताच्या खाचरात गाळ भरायचा. आता तो गढूळ असतो, लाल नसतो.

उघडायची तारीख आली, २०२४ च्या दिवाळीनंतरचा रविवार. ठरावात लिहिल्याप्रमाणे सकाळी वईला दोन ठिकाणी वाट पाडली. मी आदल्या रात्रीपासून अस्वस्थ होते. वहिनी शेळ्या घेऊन आल्या, आता अठराच्या सव्वीस झाल्यात. मुलीचं लग्न त्यातल्याच चार विकून झालं. शेळ्या आत शिरल्या, गवतावर तुटून पडल्या, मग एक काळी शेळी एका ऐनापाशी गेली. तोच ऐन, ज्याची साल मामांनी खरवडली होती. बुंध्याशी घावाची खूण अजून आहे. शेळी मागच्या दोन पायांवर उभी राहिली, पुढचे पाय खोडावर टेकले, मान ताणली, जीभ बाहेर काढली. खालची एक फांदी तिला मिळाली, ती तिनं ओरबाडली. शेंडा तिच्या तोंडाच्या वर आणखी पुरुषभर उंच होता. ती तशीच जरा वेळ ताणून राहिली, मग उतरली आणि गवताकडे वळली.

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. “बाई, आता पलीकडचं उद्यापासून बंद करूया का?” त्यांनी विचारलं. निरगुडीच्या फांद्या त्यांनी तोडून आणल्याच होत्या.